आधी आकडा, मग चाक

खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि ती इथे दिवाळीच्या तोडीची असते. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, निंबाच्या झाडांना झोके बांधलेले असतात, घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरली जाते. शेतीचं वर्षही याच सुमारास पालटतं. सालदार ठरतात, त्यांच्या हाती उचल पडते. आणि पुरुषमंडळी ओट्यावर, पारावर पत्ते कुटायला बसतात. एरवी पत्त्याला हात न लावणारा माणूसही आखाजीला चार डाव टाकून घेतो. तेवढ्यापुरतं घरचेही काही बोलत नाहीत.

२०२५ च्या आखाजीला आम्ही अमळनेरजवळच्या एका गावी होतो. पारावर पत्त्यांचा डाव रंगला होता, पण पोरांचा घोळका तिथे नव्हताच. तो होता थोडा बाजूला, एका मोबाइलभोवती. पडद्यावर शून्य ते नऊ अशी दहा घरं असलेलं रंगीत चाक गरगर फिरत होतं. टिक्‌ टिक्‌ आवाज हळू होत गेला, सगळे श्वास रोखून वाकले, चाक अगदी सातच्या रेघेपाशी आलं आणि सहाच्या घरातच थांबलं. नववीतला एक मुलगा कळवळून आम्हाला म्हणाला, "इतलासाकरता चुकनं, सर! थोडा जोर कमी पडला."

पैसे त्याच्या मोठ्या भावाचे होते. भाऊ सालदार, आणि उचल नुकतीच हातात आलेली. किती गेले ते आम्ही विचारलं नाही. भावाचा चेहरा पुरेसा होता.

पण त्या मुलाचं वाक्य डोक्यात राहिलं. जोर कमी पडला, म्हणजे कोणाचा? चाक कोणी फिरवलं होतं? त्याला वजन किती होतं, वंगण कुठलं, घर्षण कशाचं? पडद्यावर यांतलं काहीच नसतं. तरी चाक खऱ्यासारखं मंदावतं आणि आपला डोळा त्यावर विश्वास ठेवतो. हे कसं साधतात ते समजून घ्यायला नववीचं विज्ञान आणि दहावीची संभाव्यता पुरते. म्हणूनच हा विषय आम्ही शिक्षकांपुढे मांडतो आहोत.

जत्रेतली चक्री

आखाजीनंतर आठ-दहा दिवसांत अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. अशा यात्रांतून पूर्वी चक्रीवाला हमखास दिसायचा. लाकडी तबकडी, कडेने ठोकलेले खिळे आणि खिळ्यांना घासणारी चामड्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी. तबकडीला हाताने हिसडा द्यायचा. प्रत्येक खिळा पट्टीला वाकवून पुढे जातो, त्यात थोडी ऊर्जा खर्च होते. आसाच्या घर्षणात आणखी थोडी. शेवटी एक खिळा असा येतो की पट्टीला वाकवण्याइतकी ऊर्जा तबकडीत उरलेली नसते. तिथे ती थांबते, कधी कधी किंचित मागेही येते. त्या घरातला आकडा लागला.

इथे कारण आणि परिणाम यांचा क्रम सरळ आहे. आधी हिसडा, मग फेरे, मग थांबणं आणि सर्वांत शेवटी आकडा. तबकडी फिरत असताना आकडा खरोखरच ठरलेला नसतो. निदान चक्रीवाल्याला आणि आपल्याला तो ठाऊक नसतो. आणि चाक खरं असल्यामुळे डोळसपणाला थोडा वाव असतो. तबकडी एका बाजूला जड असेल, एखादा खिळा सैल असेल, तर तासभर नुसतं बघत बसणाऱ्याला ते कळू शकतं. (चक्रीवाल्याला ते आधीच कळलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.)

मोबाइलवरच्या चाकात हा क्रम उलटा होतो. आपण बटण दाबतो. कुठल्या घरावर किती पैसे लावले हा निरोप कंपनीच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे जातो. तिथे एक आकडा निघतो आणि हिशेब मांडून होतो: कोणाचे पैसे गेले, कोणाला मिळाले. मग तो आकडा आपल्या मोबाइलकडे परत येतो. हे सगळं बहुधा एका सेकंदाच्या आत होतं. चाक फिरायला लागतं ते यानंतर. पोरं श्वास रोखून वाकली होती तेव्हा भावाचे पैसे जाऊन पाचेक सेकंद झाले होते.

पत्रिकेच्या पाठीवरचं गणित

उरलेलं काम मोबाइलचं: सहा आकडा आला आहे, तर चाक असं फिरव की ते आपसूक सहावर थांबल्यासारखं वाटेल. हे गणित आम्ही त्या मुलाबरोबरच तिथल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर केलं. आखाजीच्या दिवसांत पत्रिकांना तोटा नसतो.

दहा घरं, म्हणजे एक घर ३६ अंशांचं. सुरुवातीला काट्यासमोर शून्याच्या घराचा मध्य आहे असं धरू. सातच्या घराचा मध्य काट्यासमोर आणायला चाक ७ × ३६ = २५२ अंश फिरवायला हवं. एवढंच फिरवलं तर मजा नाही, म्हणून आधी पाच पूर्ण फेरे घालू. ते झाले १८०० अंश. एकूण २०५२ अंश, आणि हे सहा सेकंदांत उरकायचं.

एकसमान मंदावणाऱ्या वस्तूचा सरासरी वेग सुरुवातीच्या वेगाच्या निम्मा असतो, हे नववीच्या गतीविषयक समीकरणांवरून मुलांना ठाऊक असतं. सरासरी वेग २०५२ ÷ ६ = ३४२. म्हणजे सुरुवातीचा वेग सेकंदाला ६८४ अंश ठेवायचा आणि दर सेकंदाला तो ११४ अंशांनी कमी करायचा. सहाव्या सेकंदाला वेग शून्य, आणि काट्यासमोर बरोबर सात.

सातऐवजी सहा हवा असेल तर? एकूण अंश २०१६, आणि सुरुवातीचा वेग ६७२. बस्स, एवढाच फरक. सेकंदाला ६८४ अंशांनी सुटलेलं चाक आणि ६७२ अंशांनी सुटलेलं चाक, यांतला भेद कोणाच्याही डोळ्याला कळणार नाही. जत्रेतल्या चक्रीत हिसड्याच्या जोरावर आकडा ठरतो, इथे आकड्यावरून हिसड्याचा जोर काढला आहे. समीकरण तेच, फक्त उजवीकडून डावीकडे वाचलं आहे.

आता शेवटच्या सेकंदाकडे पाहा. एकसमान मंदावताना उरलेलं अंतर उरलेल्या वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. पाच सेकंद झाले की वेळेचा सहावा भाग उरतो, म्हणून अंतराचा छत्तिसावा भाग उरतो. २०५२ चा छत्तिसावा भाग म्हणजे ५७ अंश, जेमतेम दीड घर. पहिल्या सेकंदात जवळजवळ दोन फेरे मारणारं चाक शेवटच्या सेकंदात दीड घर सरकतं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला सुमारे साठ वेळा नव्याने काढलं जातं, तेव्हा या सेकंदात दर चित्रामागे चाक सरासरी एक अंशही हलत नाही. सगळी उत्कंठा या दीड घरात भरलेली असते.

पट्टीचं वाकणं, टिक्‌ टिक्‌ आणि शेवटी किंचित मागे येणं हे नंतर चढवलेले दागिने. प्रत्येक रेघ काट्याखालून गेली की एक आवाज वाजवायचा, एवढी सूचना पुरते. चाक मंदावलं की आवाज आपोआप विरळ होतात आणि आपला कान त्याला घर्षण समजतो.

एक बारकावा मात्र महत्त्वाचा आहे. दर वेळी चाक घराच्या बरोबर मध्यावर थांबलं तर दहा डावांत कोणालाही संशय येईल. म्हणून घरात नेमकं कुठे थांबायचं हेही प्रत्येक वेळी निराळं ठेवतात. समजा आकडा सहा आहे, पण मध्याच्या १६ अंश पुढे थांबायचं ठरवलं. एकूण अंश झाले २०३२. चाक सातच्या रेघेच्या २ अंश अलीकडे थांबेल. सातवर पैसे लावणारा म्हणेल, जोर कमी पडला. खरं तर त्या १६ अंशांचा पैशांच्या हिशेबाशी काही संबंध नाही. हिशेब सहा या आकड्यावर झाला. सोळा अंश चित्रकाराचे.

एवढं झाल्यावर तो मुलगा बराच वेळ पत्रिकेकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "आकडा आधीच ठरतो, तर मग चाक फिरवतात कशाला? सरळ आकडा दाखवायचा ना."

कापसाचा भाव आणि मडक्यातला आकडा

सरळ आकडा दाखवणारा खेळ त्याच्या आजोबांच्या पिढीने पाहिलेला आहे. मटका. आणि त्याचा उगम कापसात आहे हे जळगाव-धुळ्याच्या वाचकांना सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात रुईचे भाव खुले होतानाचे आणि बंद होतानाचे असे दोन आकडे तारेने मुंबईला येत. मुंबईत लोक त्या आकड्यांवर पैसे लावीत. ओपन आणि क्लोज हे मटक्यातले शब्द तिथले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून आकडे येणं बंद झालं, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी मुंबईत आपापली सोडत सुरू केली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या, पुढे पत्ते. तीन पत्त्यांची बेरीज करायची आणि एकम स्थानचा अंक घ्यायचा.

मुंबईत पत्ता निघाला की आकडा फोनवरून गावोगाव पोचायचा आणि पानटपरीवर खडूने लिहिला जायचा. खेळणाऱ्याला सोडत कधीच दिसत नसे. पण आपल्याला ती दिसत नाही, ती दुसरीकडे कुठे तरी होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मोबाइलवर सोडतीचं चित्र दिसतं. सोडत आजही दुसरीकडेच होते.

हिशेबाच्या दृष्टीने दोन्ही खेळ सारखेच आहेत. दहा आकड्यांतला एक लागणार आणि लागला तर साधारण नऊपट मिळणार. दहा रुपये लावले तर दहांतून एकदा नव्वद मिळतात, म्हणजे दर डावाला सरासरी एक रुपया जातो. फरक वेळेचा. मटक्याचा ओपन-क्लोज म्हणजे एका बाजाराचे दिवसाला दोन आकडे. मोबाइलवरचा डाव अर्ध्या मिनिटात उरकतो, तासाला १२० डाव होतात. दहा-दहा रुपयांनी तासभर खेळलं तर १२०० रुपये फिरतात आणि सरासरी १२० जातात. मुलांना हे गणित जरूर घालावं, पण 'सरासरी' हा शब्द गाळू नये. एखाद्या तासाला पैसे वाढतीलही, आणि नेमका तोच तास लक्षात राहील.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळतं. सातवर पैसे लावले तर जिंकण्याची शक्यता दहांत एक. सहा किंवा आठ येण्याची शक्यता दहांत दोन. पाटीवर नुसता '६' लिहिला असता तर तो चुकलेला आकडा असता, तीनइतकाच किंवा नऊइतकाच चुकलेला. चाकावर मात्र सहा सातच्या शेजारी बसतो. 'पोचता पोचता राहिलं' किंवा 'जरासं पुढे गेलं' असं वाटण्याची वेळ जिंकण्याच्या दुप्पट वेळा येते, तीही कोणी काही लबाडी न करता. चाक हे शेजार निर्माण करण्याचं साधन आहे.

लोखंडी यंत्रातली उलटापालट

ही उलटापालट मोबाइलच्या फार आधीची आहे. अमेरिकेतल्या जुगारघरांत तीन चाकांची यंत्रं असत. दांडा ओढला की चाकं फिरत आणि तीन सारखी चित्रं आली की पैसे पडत. १९८४ मध्ये इंगे टेल्नेस या नॉर्वेजियन अभियंत्याला एका सुधारणेचं पेटंट मिळालं. त्याच्या यंत्रात चाकं खरी, लोखंडाचीच होती. पण कुठे थांबायचं ते संगणक यदृच्छेने आकडा काढून आधी ठरवी आणि मोटर चाकाला नेमकं तिथे नेऊन थांबवी.

यातून आणखी एक गोष्ट शक्य झाली. उदाहरण म्हणून असं धरा की चाकावर २२ जागा आहेत आणि बक्षिसाचं चित्र त्यांतल्या एका जागी आहे. बघणाऱ्याला वाटतं, एका चाकावर ते येण्याची शक्यता बाविसांत एक. पण संगणकाच्या यादीत ६४ चिठ्ठ्या आहेत आणि बक्षिसाची त्यांत एकच. उरलेल्या ६३ बाकीच्या २१ जागांना वाटून दिल्या आहेत. तीन चाकांचा हिशेब केला तर दिसणारी शक्यता १०,६४८ मध्ये एक, आणि खरी २,६२,१४४ मध्ये एक. जवळजवळ पंचवीस पटींचा फरक, आणि चाकाकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी तो सापडणार नाही. बक्षिसाच्या वरच्या-खालच्या जागांना जास्त चिठ्ठ्या दिल्या, की ते चित्र वरचेवर काट्याच्या किंचित वर-खाली येऊन थांबतं आणि 'थोडक्यात हुकलं' असं वाटत राहतं.

नेवाडा राज्यात १९८९ मध्ये एका जपानी कंपनीच्या यंत्रांवरून हा वाद उभा राहिला. ही यंत्रं खेळाडू हरला असं आधी ठरवीत आणि मग थोडक्यात हुकल्याचं चित्र मुद्दाम निवडून दाखवीत. तिथल्या नियामकांनी ते अमान्य केलं. यादीतल्या चिठ्ठ्या कमीजास्त असणं मात्र चालू राहिलं. हा भेद आम्हाला फारसा पटत नाही, पण निदान तिथे कोणी तरी यंत्र उघडून पाहत होतं.

फासा, खिळे आणि विमान

चाक सोपं असतं. फाशाचं काय? फासा उसळतो, कडेवर पडतो, घरंगळतो. 'चार पड' असं सांगून त्याला नैसर्गिक कसं फेकणार? यावरची युक्ती आम्हाला फार आवडते. संगणक न्यूटनचे नियम लावून एक कोरा फासा फेकतो, पण पडद्यावर दाखवत नाही. तो थांबला की कुठली बाजू वर आहे ते बघतो. त्या बाजूवर चार ठिपके काढतो आणि बाकीच्या बाजूंवर समोरासमोरची बेरीज सात येईल असे ठिपके भरतो. मग तीच फेक पहिल्यापासून आपल्याला दाखवतो. उसळ्या अगदी खऱ्या हिशेबाने घेतलेल्या, फक्त ठिपके मागाहून काढलेले. वर्गात साबणाच्या वडीचा कोरा घन फेकून आणि थांबल्यावर वरच्या बाजूवर पेनने ठिपके काढून हे दोन मिनिटांत दाखवता येतं.

खिळ्यांच्या फळीवरून खाली पडणाऱ्या चेंडूचा खेळ तर शिक्षकांच्या ओळखीचा असेल. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टनने अशी फळी केली होती. आठ ओळी असतील तर चेंडूपुढे डावं की उजवं हा प्रश्न आठ वेळा येतो. एकूण २५६ वाटा. मधल्या खणात नेणाऱ्या ७०, टोकाच्या खणात नेणारी फक्त एक. पिंगलाच्या छंदःसूत्रावरील टीकेत हलायुधाने सांगितलेल्या मेरुप्रस्ताराची ही ओळ आहे: १, ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८, १. मोबाइलवर आठ डावं-उजवं आधी निघतात आणि मग चेंडू प्रत्येक खिळ्यावर सांगितलेल्या बाजूला टप्पा घेतो.

सध्या सर्वांत फसवं वाटतं ते विमान. विमान वर चढतं, पैसे दीडपट, दुप्पट, तिप्पट होत जातात. ते नाहीसं होण्याआधी आपण बटण दाबून उतरायचं. इथे आपल्या हाताला काम दिलेलं आहे, म्हणून कौशल्य आहे असं वाटतं. पण विमान कितव्या पटीला नाहीसं होणार तो आकडा ते उडण्याआधीच निघालेला असतो. समजा नियम असा आहे की दुपटीपर्यंत पोचण्याची शक्यता शंभरांत साडेअठ्ठेचाळीस आणि दहापटीपर्यंत पोचण्याची शंभरांत ९.७. दर वेळी एक रुपया लावून शंभर वेळा दुपटीला उतरलात तर सरासरी ९७ रुपये परत येतात. शंभर वेळा दहापटीला उतरलात तरी ९७. ज्या पटीला उतराल तिथे ९७. नियमच तसा बांधलेला असतो, त्यामुळे 'कधी उतरायचं' या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही.

अशा काही खेळांत कंपनी आकडा आधी 'मोहोरबंद' करून जाहीर करते आणि डाव संपल्यावर मोहोर उघडून दाखवते. आकडा मागाहून बदलला नाही, एवढं त्यावरून खरोखर सिद्ध होतं. शंभरातले तीन रुपये जायचे ते जातातच. खरं टेबल आणि खरा माणूस कॅमेऱ्यासमोर बसवलेले खेळ वेगळे. त्यांच्याविषयी इथे आम्ही बोलत नाही.

आकडा येतो कुठून?

संगणक मडक्यात हात घालू शकत नाही. तो एका संख्येवरून पुढची काढतो. छोटं उदाहरण: कुठलीही संख्या घ्या, पाचने गुणा, तीन मिळवा, सोळाने भागून बाकी घ्या, आणि हेच बाकीवर पुन्हा करा. ७ पासून निघालो तर ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७. ओळ बघून यदृच्छेची वाटते, पण सुरुवातीची संख्या ज्याला कळली त्याला सगळी ओळ कळली. तिला बीज म्हणतात.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या काही संगणकतज्ज्ञांनी इंटरनेटवरच्या एका पोकरच्या खेळाचं असं बीज शोधून काढलं. पत्ते पिसण्याची रीत कंपनीने स्वतःच जाहीर केली होती, आम्ही किती प्रामाणिक आहोत हे दाखवायला. ५२ पत्ते ८ च्या पुढे ६७ शून्यं लिहावीत इतक्या प्रकारे लागू शकतात. पण या कार्यक्रमात बीज होतं मध्यरात्रीपासून लोटलेले मिलिसेकंद. दिवसाचे मिलिसेकंद २४ × ६० × ६० × १००० = ८,६४,००,०००. म्हणजे तेवढेच डाव शक्य! कंपनीच्या संगणकाच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवलं की उरत ते सुमारे दोन लाख. हातातले दोन आणि टेबलावरचे तीन पत्ते बघून या दोन लाखांतला आपला डाव कुठला हे संगणक लगेच सांगू शके, आणि मग सगळ्यांचे पत्ते उघडे. आज चांगल्या यंत्रणांत बीज विद्युत मंडलातल्या नैसर्गिक गोंगाटासारख्या गोष्टींपासून घेतात, ते असं पकडता येत नाही.

पण हे झालं, आकडा प्रामाणिकपणे काढायचाच असेल तर. जळगाव-धुळ्याकडच्या वर्तमानपत्रांत 'ऑनलाइन चक्री'च्या अड्ड्यांवरच्या धाडींच्या बातम्या अधूनमधून येतात. अशा ठिकाणच्या सर्व्हरवर काय चालतं हे कोण तपासणार? कुठल्या घरावर किती पैसे लागले हे आकडा काढण्याआधी सर्व्हरला ठाऊक असतं. सर्वांत कमी पैसे असलेलं घर निवड, अशी एक ओळ कार्यक्रमात लिहिणं अवघड नाही. आणि मग पडद्यावर काय दिसेल? सेकंदाला ६७२ अंशांनी सुटलेलं, हळूहळू मंदावणारं, सातच्या रेघेपाशी थांबणारं तेच चाक. प्रामाणिक आकडा आणि लबाड आकडा यांची चित्रं तंतोतंत सारखी असतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या पैशांच्या व्यवहारांवर बंदी घालणारा कायदा केला. अड्ड्यांसाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा होताच. म्हणून ही चाकं मुलांच्या नजरेआड होतील असं आम्हाला वाटत नाही. शिवाय पैसे न लावता, नुसती नाणी गोळा करायच्या खेळांतूनही हेच चाक फिरत असतं.

चिंचोक्यांचा डाव

शाळा सुरू झाल्यावर धुळे तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही हे करून पाहिलं. वर्गात जुगार कसला शिकवता, असं एका शिक्षकबंधूंनी आधी विचारलं. पण ते स्वतःच मागच्या बाकावर बसले आणि शेवटी त्यांचेही चिंचोके संपले.

पुठ्ठ्याचं दोन फूट व्यासाचं चाक, दहा घरं, मधोमध खिळा, कडेला पोस्टकार्डाची पट्टी. प्रत्येक मुलाला वीस चिंचोके. पहिले दहा डाव चाक मोकळं फिरवलं, जत्रेसारखं. पुढचे दहा डाव वेगळे. चाकामागे एक चादर धरली. चादरीआड एका मुलाने डब्यातून चिठ्ठी काढून आठवीतल्या एका मुलीला दाखवायची. तिने चाकाच्या मागच्या बाजूला लावलेली लाकडी मूठ धरून चाक असं फिरवायचं की ते आपोआप त्या आकड्यावर थांबल्यासारखं वाटावं. समोरच्या मुलांना दिसतं फक्त चाक. पहिल्या दोन-तीन डावांत चाक गचकन थांबे आणि पोरं ओरडत, "ढकललं, ढकललं!" मग तिला हात बसला. पाचव्या-सहाव्या डावापासून मोकळं चाक आणि हाताचं चाक समोरून ओळखू येईना. आधी मोकळं चाक बघून 'आता खालचे आकडे येताहेत' वगैरे अंदाज बांधणारे गडी या डावांतही तसेच अंदाज बांधत होते, तितक्याच खात्रीने.

आठव्या डावाला बऱ्याच जणांनी चारवर चिंचोके लावले होते. चाक मंदावलं, तीनच्या घरात शिरलं, हळूहळू सरकत चारच्या रेघेला टेकलं आणि तिथेच थबकलं. सगळ्या वर्गाच्या तोंडून एकदम "अरेरे" निघालं. चादर खाली केली तेव्हा ती मुलगी हसत होती. चिठ्ठी तीनची होती, हे बरोबर. पण रेघेपर्यंत नेऊन थांबवायला तिला आम्ही सांगितलं नव्हतं.

"मध्येच थांबवलं तर कोणी काही बोलत नाही," ती म्हणाली. "असं केलं की सगळे पुन्हा लावतात."